पहिल्या बाकावरचे शांतवन

शांतवन आवळ्यांना गिरणीवाडीत कुणी लांबून हाक मारत नाही. मारून उपयोगच नसतो. खांद्याला हात लावायचा, समोर यायचं आणि तोंड नीट उघडून बोलायचं, की म्हातारा खूश. तीस वर्षं साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या कापड विणायच्या खात्यात काढली. तिथल्या खडखडाटानं कान घेतले आणि बदल्यात ओठ वाचायची विद्या दिली. लेकानं मध्यंतरी कानाचं यंत्र आणून दिलं होतं. त्यातून सगळ्या गावाचा एकच गलका ऐकू यायला लागला, तेव्हा त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं आणि पूर्वीच्या शांततेबद्दल देवाचे आभार मानले.

सांगलीजवळचं हे गाव गिरणीमुळे वसलं, आणि गिरणीतल्या ख्रिस्ती कामगारांमुळे इथं प्रेसबिटेरियन मंडळी उभी राहिली. पहिल्या उपासना चाळीतल्या एका खोलीत, पाळी सुटल्यावर व्हायच्या. पुढं चर्च बांधलं, तेव्हा यंत्रं ज्या खोक्यांतून आली होती त्यांच्याच फळ्यांचे बाक गिरणीतल्याच बादशहा नावाच्या मिस्त्रीनं करून दिले. काही बाकांच्या पाठीवर अजून उलटी छापील अक्षरं दिसतात.

इतर चर्चमध्ये मागचे बाक आधी भरतात. इथं पहिला बाक धरायला साचेखातेवाले लगबगीनं येत, कारण पाळकांचे ओठ तिथूनच दिसत. इथं आलेला प्रत्येक पाळक मान वर ठेवून सावकाश बोलायला शिकला. एकानं ऐटीत झुपकेदार मिशा वाढवल्या, तर मंडळीनं हात जोडून त्याला न्हाव्याकडं धाडलं.

लग्नाचीही वेगळी रीत पडली. वचन देताना नवरा-नवरी पाळकांकडं तोंड करतात, म्हणजे लोकांकडं त्यांची पाठ. इथल्या जुन्या माणसांनी पहिल्याच लग्नात हरकत घेतली, "आमी साक्षीदार. दिसलंच न्हाई, तर साक्ष कशाची द्यायची?" तेव्हापासून इथं जोडपं मंडळीकडं वळून वचन देऊ लागलं.

मग गिरणी बंद पडली, साचे भंगारात गेले आणि पहिल्या बाकावर एकटे शांतवन उरले. यंदा त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. अंकिताचे आईबाप पोटासाठी पुण्यात. पोर वाढली ती आज्ज्याच्या अंगाखांद्यावर. तिचं वचन आपल्या डोळ्यांनी वाचायचं, एवढं एकच त्यांना आता हवं होतं.

पण नवे पाळक, रेव्हरंड रणभिसे, नियमाचे पक्के. माणूस गोड, पण उपासनेच्या पुस्तकातली काडी इकडची तिकडं होऊ द्यायचे नाहीत. शांतवनांच्या समोर येऊन, सावकाश, ते म्हणाले, "आजोबा, वचन देवासमोर द्यायचं असतं. लोकांकडं तोंड केलं, तर देवाकडं पाठ होते."

शांतवन घरी आले. भाकरी गोड लागेना. लग्नाच्या आदल्या दिवशी ते पुन्हा पाळकांच्या दारात उभे.

"पाळकसाहेब, राग धरू नका. तीस वर्सं आमी साच्याकडं तोंड करून हुबं ऱ्हायलो. तवा देव काय निस्ता म्होरंच हुता? मागच्या साच्यावरनं सूत नेनारा लोखंडी टोकाचा धोटा उडून आला, तवा माजी मान कुनी वाकवली? माज्या पाठीला लय चांगला वळखतो त्यो. पोरीच्या पाठीलाबी वळखंल."

रणभिशांनी म्हाताऱ्याचा हात हातात घेतला आणि मान वर करून म्हटलं, "उद्या वळवतो त्यांना."

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. अंकिता आणि मिरजेचा नवरा मुलगा जोएल मंडळीकडं वळून उभे राहिले. शांतवन पहिल्या बाकाच्या अगदी कडेला सरकून बसले. अंकितानं तोंड उघडलं आणि तिला रडू कोसळलं. ओठ थरथरले, रुमाल तोंडाशी गेला. लाउडस्पीकरवरून शब्द सगळ्यांना ऐकू आले, लोक आमेन म्हणायच्या तयारीत. आज्ज्याला मात्र फक्त हलणारी हनुवटी दिसली.

"थांबा!" बहिऱ्या माणसाचा तो आवाज, छपराला जाऊन भिडला. "दिसलं न्हाई! पोरी, परत म्हन!"

नवऱ्याकडची माणसं चपापली. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि पाठोपाठ सगळं चर्च हसलं. रणभिशांनी पुस्तकात पाहिलं. दुसऱ्यांदाची सोय त्यात कुठंच नव्हती. त्यांनी पुस्तक मिटलं आणि अंकिताला खूण केली.

अंकितानं डोळे पुसले, नाक ओढलं आणि साचेखात्यातली बाई बोलेल तसं तोंड भरून, एकेक शब्द सुटा करत म्हटलं, "सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात, मरेपर्यंत मी साथ सोडणार नाही." बघायला हवं होतं नवऱ्याकडं, बघत होती पहिल्या बाकाकडं. शांतवनांचे ओठही तिच्याबरोबर हलत होते.

"देवा, लय उपकार झालं रं," ते म्हणाले. हळू म्हटलं असं त्यांना वाटलं. ते शेवटच्या बाकापर्यंत गेलं.

जोएल पाळकांकडं झुकून कुजबुजला, "साहेब, हे वचन मला दिलं, का आजोबांना?"

"पहिलं तुम्हाला," रणभिसे म्हणाले, "दुसरं त्यांना."

जोएलला ते पटलं, आणि त्यानं अंगठीसाठी हात पुढं केला.