बूथवाल्या अण्णांनी दाबलेली घंटी

बूथवाले अण्णा होते म्हणून मी आज बायबल शाळेत आहे! मी तंजावरला कामाला होतो; तिथे राजवाड्यामागे या तंजावरी मराठी अण्णांचा एसटीडी बूथ. मी फोनवर नगरच्या आईशी बोलू लागलो की काचेबाहेरून ते माझ्या प्रत्येक वाक्याला ‘आमा, आमा’ असा तमिळ होकार देत.

दर रविवारी मी म्हणे, “आई, देव सेवेला बोलावतोय गं, पण नववी नापासाला कोण घेणार? पुढच्या रविवारी इथल्या पाळकांना नक्की विचारतो.”

एकदा अण्णांनी शटरच ओढलं. “चल तंबी, किती भिशील पा?” मोपेडवरून पाळकांच्या दारी नेलं, घंटी दाबली आणि “बोलायचं तुझं तूच!” म्हणत पळाले.

दार उघडताच मी एका दमात सगळं बोलून टाकलं. पाळक हसले, “ये. तुझे अण्णा सकाळीच वशिला लावून गेलेत.”

हे उपकार मी फेडणारच. कसे, ते देवानं अजून सांगितलेलं नाही.