चौदा सुया बैलाला

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दादापुढे पाण्याचा पेला धरला. तो पाहताच माझ्या या मोठ्या भावाचा गळा आवळला, मान मागे गेली. डॉक्टर म्हणाले, "रेबीज आहे. पाण्याची अशी धास्ती म्हणजे हायड्रोफोबिया. कुत्रं चावलं होतं का?"

"नाही जी," मी म्हणालो. आणि मग मला कोल्हा आठवला.

त्या हिवाळ्यात आमच्या तिगावच्या नाल्याकाठी कोल्हे मरून पडत होते. काही भरदिवसा झुलत बगीच्यात यायचे. सडकी संत्री खाऊन चढली असेल, म्हणून आम्ही हसायचो. कोल्ह्यांतही रोगाची साथ येते, हे आम्हा शहाण्यांना कुठून कळणार!

दादा आजारी पडण्याच्या दीड महिना आधी असाच एक कोल्हा आमच्या मोत्या बैलाच्या नाकाला लोंबकळला. दादाने हातांनी जबडा फाकवून बैल सोडवला. त्याच्या बोटाला दात घासला, एवढंच. वहिनीने तिखट-तेल लावलं, दादा दुपारी पुन्हा संत्री तोडायला गेला.

बैलाला मात्र मी गुरांच्या दवाखान्यात नेलं. चौदा दिवस, चौदा सुया. पहिल्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "माणसाला चावला का?"

"नाही जी, फक्त बैलाले."

मी खोटं बोललो नव्हतो. रक्ताची धार लागल्याशिवाय आमच्याकडे त्याला चावणं म्हणत नाहीत. तुमच्यावर अशी वेळ आली तर नुसतं खरचटलेलंही सांगा. जखम साबणाने धुवा, तिखट लावू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

"आता सुई देऊन उपयोग नाही. तेव्हा द्यायला हवी होती," नागपूरचे डॉक्टर म्हणाले. दादाला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. दार उघडलं की वाऱ्यानेही तो तडफडायचा. मी बाहेर बाकावर बसून राहायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जरा शांत झाला. मला जवळ बोलावलं.

"मोत्या चारा खाऊन राहिला का?"

"खाऊन राहिला, दादा."

"चौदाही दिवस नेलं तुनं त्याले, एक दिवस चुकवला नाही. मोठं काम केलं, बाबू."

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा गेला. मोत्या अजून धडधाकट आहे. रोज त्याला चारा घालताना दादाची ती शाबासकी आठवते, आणि ती मला सहन होत नाही.