मॅडमचं 'आय'

गेस्ट हाऊसमध्ये नोकरी असली की किस्से ठेवायला जागा पुरत नाही. मी गोव्यात, मांद्र्याला रिसेप्शनवर बसतो आणि आमच्याकडे फ्रेंच पाहुणे फार. खरं सांगतो, त्यांच्या उद्गारांपुढे मी हात टेकलेत. एवढासा शब्द, पण त्यात काय काय मावतं!

'ओ ला ला' घ्या. आम्हाला वाटायचं, ते कौतुकाचं. यंदा आलेल्या एलीझ मॅडम म्हणजे निवृत्त शिक्षिका. त्यांनी मला शिकवलं, "ला वाढले की संकट वाढलं." दुसऱ्याच दिवशी त्यांच्या बाथरूममधून 'ओ लालालालाला' ऐकू आलं. मी काठी घेऊनच गेलो. धामण होती!

बेळगावचा शिवाप्पा आमच्याकडे रंगकाम करत होता. मॅडम समुद्रावरून चालत आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "उफ." शिवाप्पा ब्रश टाकून पाणी घेऊन धावला. मला म्हणतो, "डॉक्टरला फोन लावा की ओ!" आता फ्रेंचांचं उफ म्हणजे आपलं हुश्श. बाईंना फक्त बसायला मिळालं होतं.

स्वयंपाकीण सुमतीबायचा जीव मात्र टांगणीला लागलेला. नवरा गेल्यावर मॅडम पहिल्यांदाच एकट्या आलेल्या आणि दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. एकदा तिने माशाचं हुमण, म्हणजे आमचं नारळाचं कालवण, कसं झालंय विचारलं, तर खांदे उडवून म्हणाल्या, "बॉफ." म्हणजे ठीकच, विशेष काही नाही. सुमतीबायने ऐकलं 'वाफ'. "निवला वाटता," म्हणत तिने हुमण पुन्हा गरम करून आणलं. मॅडमनी तेही तसंच ठेवलं.

परवा सकाळी मॅडमचा अंगठा पायरीला आपटला. त्या कळवळल्या, "आय!"

सुमतीबाय हातातलं टाकून धावली. "इलंय गो बाय, इलंय!" तिने मॅडमना खाली बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि खोबरेल चोळायला लागली. मला म्हणाली, "बघ रे, लागला की सगळ्यांका आईच आठवता. इचार, तिची आई खंय आसा?"

फ्रेंच लोक दुखलं की नुसतं 'आय' म्हणतात, त्यात आई नाही, हे मी सांगणारच होतो. पण मॅडमचे डोळे भरलेले दिसले. मी मुकाट्याने तिचा प्रश्न इंग्रजीत विचारला. मॅडमनी वर बोट केलं.

"मगे मी आसंय मां," सुमतीबाय म्हणाली आणि आतून पेजेचा वाडगा घेऊन आली. पहिला चमचा तिने स्वतःच पुढे केला.

मॅडम तिच्यापेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या. त्यांनी निमूट तोंड उघडलं.