संत्र्याचं बारसं

ऐंशीच्या दशकात सौंसरला आमच्या शेजारचा एक मुलगा विद्यापीठात वनस्पतीशास्त्र शिकत होता. सुटीत आला की गवती चहाचंही लॅटिन नाव सांगून मगच घोट घ्यायचा. आम्ही हसायचो.

एकदा आमच्या बागेतल्या संत्र्याच्या झाडांच्या खोडांतून डिंक गळू लागला. त्यानं भिंगातून साल पाहिली आणि रोगाचं लांबलचक नाव सांगितलं.

"बारसं झालं बापू, आता इलाज सांग," बाबा म्हणाले.

तो ओशाळला. "इलाज नाही येत मले, काका."

दुसऱ्या दिवशी जवळच्या रामाकोना गावच्या एका म्हाताऱ्या बागवानाला त्यानं सायकलवर बसवून आणलं. म्हातारा साल खरवडून मोरचूद-चुन्याचा लेप लावत होता आणि हा मातीत मांडी घालून त्याचा शब्दन्‌शब्द वहीत उतरवत होता.

झाडं वाचली. बाबा त्याच्याकडे टोपलीभर संत्री घेऊन गेले.

"रामाकोन्याच्या बुवाले द्या, काका," तो म्हणाला. "मी तं नुसता शिकून राहिलो होतो."