वजनकाकांच्या पडवीतली वजनं

वजनकाका बारशाला गेले की बाळ हातात घेऊन आधी त्याचं वजन सांगत आणि मग नाव विचारत. पाहुण्यांच्या पिशव्यांचीही हीच गत. दारातच पिशवी उचलून "साडेचार, वर थोडं" असं जाहीर झालं की मगच "या, बसा." काकूंनी यावर कपाळ बडवून घेणं कधीच सोडून दिलं होतं.

काका रेल्वेत फिटर होते. डहाणूला आमच्या शेजारीच राहायचे आणि घरामागच्या पडवीत कॉलनीतल्या मुलींना वजन उचलायला शिकवायचे. मुलींनाच का, असं कोणी विचारलं तर म्हणत, "मुलगे दंडाचे फुगे दाखवायला येतात. पोरी शिकायला येतात." आम्ही पोरी तेवढ्यावर खूश.

वजनांची वंशावळ त्यांना तोंडपाठ होती. "आधी नुसता दगड. मग दगडात मूठ कोरली, तो नाल. मग दांड्याला दोन पोकळ गोळे, आत वाळू भरा नाहीतर छर्रे. मग सुट्या ताटल्या. आणि सगळ्यांत शेवटी फिरती टोकं, म्हणजे वजन फिरतं, मनगट पिरगळत नाही." विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून हे सगळं त्यांनी ह्याच क्रमाने पडवीत स्वतः बनवलं. भंगाराच्या दुकानात एकेक पाइप ते इतका वेळ निरखत की शेठ वैतागायचा, "काका, आ तो लोखंड छे, कन्या नथी. केटली वार जोशो?" किती वेळा बघाल, म्हणे.

गोळ्यांच्या जागी पत्र्याचे दोन डबे आले. एकात नदीची वाळू, दुसऱ्यात चिखले गावच्या समुद्रकिनाऱ्यावरची. खारी वाळू पावसाळ्यात ओल धरायची आणि तो डबा जड व्हायचा. काकांनी त्यावर नियम काढला, दर उचलीनंतर दांड्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं, म्हणजे दोन्ही हातांना सारखा त्रास. जिल्ह्याच्या स्पर्धेत मी पहिली उचल झाल्यावर सवयीने पलीकडे गेले आणि पंचांकडे पाठ करून उभी राहिले. अख्खा हॉल हसला. सगळ्यांत मोठ्याने काका.

त्या स्पर्धेत खरा बार, म्हणजे कारखान्यात घडवलेला पोलादी दांडा, त्यांनी पहिल्यांदा पाहिला, तोही दोरीच्या बाहेरून. हात लावायची मुभा फक्त खेळाडूंना. परत आल्यावर त्यांनी पाइपवर पाइप चढवून फिरती टोकं केली. ती इतकी कुरकुरायची की काकूंची खोबरेलाची बाटली पडवीतच मुक्कामाला आली. "एकदा खरा हातात यायला पाहिजे," असं मात्र ते अधूनमधून म्हणत राहिले.

मी आता तलासरीच्या शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. गेल्या वर्षी शाळेला खरा बार मिळाला, रबरी ताटल्यांसकट. मी काकांना बोलावलं खरं, पण एसटी यायची वेळ झाली तशी मी फाटकापाशी येरझाऱ्या घालू लागले. आयुष्यभर हाताने घडवलेलं सगळं ह्या एका बारपुढे पोरखेळ वाटलं तर? ह्या वयात माणूस खचून जायचा.

काकांनी नळावर हात धुतले. दुखरा गुडघा सांभाळत खाली बसले आणि बारचं टोक बोटाने फिरवलं. ते आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिलं. थांबेपर्यंत काका बघत होते. मग उठून त्यांनी रिकामा बार छातीपर्यंत उचलला, हलकेच खाली ठेवला आणि डोळे पुसले.

"झकास आहे गं. कुरकुर नाही, काही नाही. पोरींची मनगटं सुटली."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात एका मुलीने बारला हात घातला आणि काका ओरडले, "अगं ए, पाठ बघ तुझी! वाकलेली केळ झालीय. गुडघे बाहेर काढ!" तिला नीट उभं करून ते माझ्याकडे वळले.

"बार चांगला आलाय, पण तो काही बोलत नाही ह्यांच्याशी. उद्या किती वाजता येऊ?"

मी नुसतीच मान हलवली.

"मानेने वेळ सांगतात का कुठे?" काका म्हणाले. "नीट सांग. एसटी बघायला हवी."