उकंडरावांची तांबडी रेघ

आसेगावात काल पाऊस किती झाला, हे ज्याला त्याला ठाऊक असतं. एक म्हणतो वावरात पाय ठेवता येत नाही, दुसरा म्हणतो धूळसुद्धा दबली नाही. खरा आकडा मात्र बत्तीस वर्षं एकाच माणसाकडे असायचा. तो माणूस म्हणजे उकंडराव कोतवाल. गावचा कोतवाल हा तलाठ्याचा उजवा हात, पगार मात्र डाव्या हाताने दिल्यासारखा. नोटिसा वाटायच्या, दवंडी द्यायची, साहेब आले की खुर्च्या गोळा करायच्या, आणि पावसाळ्यात रोज सकाळी आठ वाजता चावडीमागच्या मापकात साचलेलं पाणी काचेच्या मापात ओतून आकडा वहीत लिहायचा. अंगात ताप असो की घरात लग्न, आठ म्हणजे आठ. आता आपोआप मोजणारं यंत्र बसलंय, उकंडरावही रिटायर झालेत, तरी आठ वाजता तिकडे एक चक्कर होतेच.

ती चक्कर मेहरबीच्या खिडकीवरून जाते. मेहरबी शिवणकाम करते. नवरा रऊफ एका पाईप कंपनीचा ट्रक चालवायचा. चार वर्षांपूर्वी तो गेला, आणि मागे शिलाई मशीन, मुलगी जिकरा आणि एक वही राहिली. मेहरबीला तिन्हींपैकी वही नकोशी होती.

वहीची गोष्ट अशी. कंपनीने कायम नोकरांना शेअर देऊ केले, तेव्हा रऊफने पगारातून कापून शंभर घेतले. मग दर शुक्रवारी संध्याकाळी नमाजहून आला की तो फोनवर त्या दिवसाचा बंद भाव बघायचा, वहीत तारीख घालून लिहायचा आणि मोठ्याने वाचून दाखवायचा. एका फेब्रुवारीत त्याने वाचलं, चौदाशे पंच्याऐंशी. छपराची टिनं गळत होती. मेहरबी म्हणाली, विका. रऊफ म्हणाला, "ते जिकराचे हायेत. ती नर्स होईन. टिनाले डांबर लावू." त्यावरून दोघांत चांगलंच वाजलं. दोन महिन्यांनी रऊफ गेला, आणि भांडण तसंच अर्धवट राहिलं.

दोनेक वर्षांनी पुतण्या अरीबने फोनवर त्या कंपनीचे मागचे सगळे भाव काढले. तो शेलूबाजारला मोबाईलच्या दुकानात बसतो, त्यामुळे घरात त्याचा शब्द प्रमाण. त्याने ती फेब्रुवारीची तारीख शोधली आणि आकडा दोनदा वाचला. फोनवर त्या दिवशीचा भाव होता दोनशे सत्त्याण्णव.

"चाची," तो चाचरत म्हणाला, "चाचानं फेकली. हा शेअर चौदाशेवर कधी गेलाच नाही."

मेहरबीच्या मनात अढी बसली ती बसलीच. पैसा गेला असता तर तिने एकदा रडून घेतलं असतं. पण हा माणूस दर शुक्रवारी, नमाजहून येऊन, आपल्या तोंडावर खोटं वाचत होता? फक्त बायकोचं तोंड बंद करायला? तिने ती वही गिऱ्हाइकांची मापं लिहायला काढली. शेअर आपल्या नावावर करून घ्यायचे कागदही तिने केले नाहीत. तीसेक हजारांसाठी अकोल्याच्या चकरा कोण मारणार? आणि बारावीला बसलेल्या जिकराला तिने सांगून टाकलं, नर्सिंगचं नाव काढू नको, परीक्षा झाली की मशीनवर बस.

अशात भादव्यातल्या एका सकाळी उकंडराव पांढरं कापड घेऊन आले. दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीला जायचं होतं. त्यासाठी दरवर्षी नवा पांढरा सदरा हा त्यांचा नेम.

"मागच्या सालचंच माप ठेव," ते म्हणाले, "पोट तेवढं सोडून."

मेहरबीने हसून टेप लावली आणि वही उघडली. ती उघडली उलट्या बाजूने, रऊफच्या आकड्यांकडून. उकंडरावांची नजर आकड्यांवर गेली. तारीख, आकडा. तारीख, आकडा. एकही खाडाखोड नाही. ज्या आठवड्यात भाव बघता आला नाही तिथे जागा कोरी, आणि पुढे लिहिलेलं: 'गाडीवर होतो'.

"हा कोणत्या गावचा पाऊस व माय?"

"पाऊस कायचा दादा, थापा हायेत," मेहरबी म्हणाली. आणि कधी कुणाला न सांगितलेलं तिने कापड बेतता बेतता सगळं सांगून टाकलं. सांगताना तिचा आवाज फाटला, कात्री मात्र सरळ चालली.

उकंडराव वहीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "खोटं लिवणारा कोरी जागा सोडत नसते. जिकरा, फोन घेऊन इकडे ये बरं."

जिकरा बाहेर आली. उकंडरावांनी वहीतली एक तारीख सांगितली. वहीत बाराशे दहा, फोनवर दोनशे बेचाळीस. दुसरी सांगितली. वहीत सहाशे चाळीस, फोनवर एकशे अठ्ठावीस. तिसरी म्हणजे ती फेब्रुवारीचीच.

"आता भागून पाह्य," ते म्हणाले.

जिकराने भागाकार केला, पुन्हा केला. "पाच. तिन्ही जागी पाचच येऊन राह्यले, आबा."

"अरीबनं एक शीत चेपलं अन् भात कच्चा म्हणून सांगतलं. आपण साऱ्या गंजातला भात पाहू."

तिघांनी मिळून चाळीस शुक्रवार तपासले. प्रत्येक वेळी रऊफचा आकडा फोनच्या आकड्याच्या बरोबर पाचपट निघाला. मेहरबीची कात्री थांबली होती.

मग उकंडरावांनी आपली गोष्ट सांगितली. नोकरीला चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हा जुनं मापक फुटलं आणि तालुक्याहून नवं आलं. त्याचं वरचं तोंड जुन्याच्या निम्म्या क्षेत्रफळाचं होतं, म्हणून पाणीही निम्मंच साचायचं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्यासोबत आलेलं काचेचं माप कुठेतरी कपाटात राहिलं. उकंडराव जुन्याच मापाने मोजत राहिले. आजूबाजूच्या साऱ्या महसूल मंडळांत धो धो पाऊस आणि आसेगावात निम्मा. वरून खरमरीत नोटीस आली, कोतवाल घरी निजून आकडे टाकतो, खुलासा द्यावा.

"नोकरी गेल्यात जमा होती," उकंडराव म्हणाले. "तवा मंगरूळपीरच्या तहसीलीत मदनसिंग नावाचे बाबू होते. ते एसटीनं आले, माह्यासंग पावसात उभे राह्यले, बाजूच्या मंडळाची वही माह्या वहीजवळ ठेवली. अन् साहेबाले म्हणाले, साहेब, खोटं लिवणारा माणूस रोजच्या रोज बरोबर निम्मंच खोटं लिवत नाही. याचं माप पाहा, मंग याले बोला."

मदनसिंग बाबूंनी जुना एकही आकडा खोडू दिला नाही. वहीत एक तांबडी रेघ मारायला लावली आणि तिच्याखाली लिहायला लावलं, 'इथून माप बदललं'. उकंडराव आजही त्यांचं नाव घेताना चप्पल काढतात. हे मी पाहिलेलं आहे, गंमत म्हणून सांगत नाही.

"आता रऊफच्या वहीतली तांबडी रेघ शोधा," ते म्हणाले.

ती जिकराला सापडली. शेअर बाजाराच्या साइटवर कंपनीची जुनी सूचना होती. रऊफ गेल्यानंतर पुढच्या वर्षी कंपनीने प्रत्येक शेअरचे पाच तुकडे केले होते. एका शेअरचे पाच शेअर झाले, म्हणून भाव पाचवा हिस्सा झाला. आणि मागचे-पुढचे आकडे एका मापात यावेत म्हणून फोनने जुने भावही पाचाने भागून दाखवले. फोनही खरा होता आणि रऊफही. फोन आजच्या मापाने बोलत होता, रऊफ त्या दिवसाच्या.

"म्हणजे शंभर नाहीत, पाचशे हायेत, अम्मी," जिकरा म्हणाली.

आजचा भाव तीनशे अठरा. मेहरबीने हिशोब केला नाही. ती तशीच खाली बसली, पांढरं कापड तोंडाशी धरून. "दोन साल," ती म्हणाली, "दोन साल मी त्या माणसाले खोटारडा समजली, दादा. फातेहा वाचताना बी समजली." आणि ती रडली. उकंडरावांनी रडू दिलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "कापडाले डाग नको पाडू, मले मोर्चाले नाही जायाचं, दीक्षाभूमीले जायाचं हाये." तेव्हा कुठे ती हसली.

कागदांसाठी अरीबच तिला अकोल्याला घेऊन गेला, तीनदा, आणि प्रत्येक वेळी चहाचे पैसे त्यानेच दिले. पोराला लाज वाटली होती. पाचशे शेअर मेहरबीच्या नावावर आल्याचा कागद पोचला, तेव्हा तो घेऊन ती आधी उकंडरावांकडे गेली. आता ठेवावे की विकावे?

"मागच्या पावसावरून उद्याचा सांगता येत नाही," उकंडराव म्हणाले. "पण नाल्यावरचा पूल किती उंच बांधावा, हे मागच्याच वहीतून कळते. पाह्य, रऊफच्या वहीतल्या या मार्चात चार शुक्रवारांत अकराशेचा सहाशे चाळीस झाला होता. मंग वर आला, पण साल गेलं. तवा जिकराची पहिल्या सालाची फी आताच काढून ठेव. ती पावसाच्या भरवशावर नको. बाकीचं राहू दे."

तिने तसंच केलं. जिकराचा आता नर्सिंगचा फॉर्म भरून झालाय. दसऱ्याआधी सदरा तयार झाला तेव्हा शिलाई मेहरबी घेईना, उकंडराव दिल्याशिवाय सदरा घेईनात. शेवटी ठरलं की उकंडरावांनी नागपूरहून मदनसिंग बाबूंच्या घरी जाऊन यायचं. ते मुलाकडे तिथेच असतात, थकलेत. त्यांना मेहरबीचा सलाम सांगायचा. उकंडराव जाऊन आले. "म्हाताऱ्याले माहा चेहरा आठवला नाही," ते म्हणाले, "पण तांबडी रेघ म्हणतलं अन् हात धरून बसला."

वहीत आता गिऱ्हाइकांची मापं नाहीत, त्यांना नवी वही आली. रऊफच्या शेवटच्या आकड्याखाली मेहरबीने तांबड्या पेनाने, पट्टी धरून रेघ मारली आणि लिहिलं, 'इथून माप बदललं'. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी, माणसं नमाजहून परतायच्या वेळेला, तिने मशीन थांबवली आणि वही मांडीवर घेतली. जिकराने फोन बघून भाव सांगितला.

मेहरबीने पेन टेकवलं, पण लिहिलं नाही.

"नीट पाह्यलं ना?" तिने विचारलं. "पुन्हा एकदा पाह्य. तुह्या अब्बाच्या वहीत एकबी आकडा खोटा नाही."