हेलोचा भाव, नगाचा की वाट्याचा

डॉ. देवस्थळींनी मला फसवलं. ते आमचे ग्रुप लीडर, मी त्यांच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर डेटा अ‍ॅनालिस्ट. आकाशगंगेच्या हेलोचं माप मी सुधारून दिलं. पेपर त्यांच्या आणि त्यांच्या दोन लाडक्यांच्या नावावर निघाला.

हेलो म्हणजे काय? ताऱ्यांची थाळी चपटी असते. तिच्या वर-खाली चुंबकीय क्षेत्राचा जाड, न दिसणारा थर असतो. कॉस्मिक किरण, म्हणजे प्रचंड वेगाने धावणारी अणुकेंद्रं, त्यात भटकतात. थर किती जाड, हे मोजायला टेप नाही. म्हणून आम्ही बेरिलियम बघतो. त्याचा एक प्रकार कायम टिकतो, दुसरा हळूहळू नष्ट होतो. सुके बोंबील आणि ओले बोंबील समजा. ओल्यातले फारच थोडे धड उरले, तर पाटी खूप फिरून आली. खूप फिरली, म्हणजे फिरायला जागा मोठी.

सरांचा हेलो फारच लहान निघाला. सर खूष.

"जाधव, सगळं जग चुकलंय," ते व्हिडिओ कॉलवर म्हणाले.

"सर, जगाच्या आधी आपला कोड बघू का?"

"शुक्रवारी सबमिशन आहे."

"चूक सापडली, तर पेपरवर दुसरं नाव माझं."

"चौथं."

"मग राहू दे."

"तिसरं. तू काय मासळी घेतोयस का?"

"दुसरं, सर."

"बरं बाबा, दुसरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरंच मासळी घेत होतो. भाईंदर पश्चिमेच्या बाजारात तारोडी गावची एक मावशी बसते. भाव ऐकला की मी आधी एकच विचारतो.

"नगाचा की वाट्याचा?"

"वाट्याचा हाय, अख्ख्या ढिगाचा. बोंबील नगावर कोन देत न्हाय. रोज काय विचारतोस?"

घरी येऊन डेटाची फाइल उघडली आणि तिलाही तेच विचारलं. ही ऊर्जा कशाची? फाइलमध्ये ती केंद्रातल्या एकेका कणाची होती. कोडने अख्ख्या केंद्राची धरली होती. बेरिलियमच्या त्या नष्ट होणाऱ्या केंद्रात दहा कण. म्हणजे ऊर्जा दहापट कमी धरली गेली.

वेगाने धावणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं, म्हणून तो उशिरा नष्ट होतो. कोडला बेरिलियम मंद वाटलं. मंद असूनही इतकं उरलंय, तर ते फार फिरलंच नसणार, असा त्याने हिशेब केला. मी एक ओळ बदलली. हेलो फुगला आणि जगाच्या पंगतीत जाऊन बसला.

"सर, भाव नगाचा होता. आपण वाट्याचा धरला."

सरांनी कोड पुन्हा चालवून पाहिला. मग म्हणाले, "शाब्बास."

पेपर आला. माझं नाव आभारात, "उपयुक्त चर्चेबद्दल". सर्व्हर सांभाळणाऱ्याच्याही खाली. मी फोन लावला.

"जाधव, विज्ञान म्हणजे टीमवर्क."

"मग टीममध्ये मी कुठे आहे?"

"मी मीटिंगमध्ये आहे."

मावशी बोललेला भाव फिरवत नाही. साहेबाचा शब्द मात्र ईमेलवरच घ्यावा, एवढं शिकलो.

पुढच्या महिन्यात सर याच हेलोवर व्याख्यान देतायत. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. ती ओळ कोणी बदलली आणि त्याचं नाव कोणी खाल्लं, हे डॉ. देवस्थळींनी माइकवर सांगावं.